अळूच्या वाफ्यातला पाइप

आमच्या नहाणीचं पाणी मागच्या अंगाला जिथे मुरतं तिथे अळू माजलेलं आहे. त्या अळवात, एकमेकांपासून आठ पावलांवर, सिमेंटची दोन झाकणं आहेत. चैत्र लागला की मी दर आठवड्याला ती उचलतो आणि आतल्या पाइपाभोवती दोन-दोन बादल्या पाणी ओततो. शेजारची पोरं हसतात. गुरुजी लोखंडाला पाणी घालतात, त्याला पालवी फुटायची वाट बघतात, असं त्यांचं म्हणणं. फुटणार नाही हे मला माहीत आहे. पण ज्यांनी हे पाणी घालायला लावलं ते तात्या आता नाहीत, आणि त्यांचं देणं फेडायची माझ्याकडे एवढीच एक रीत उरली आहे.

मी श्रीवर्धन तालुक्यातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ओहमचा नियम, समांतर जोडणी, फ्यूज, भूसंपर्कन. हा शेवटचा शब्द मी फळ्यावर तीसदा तरी लिहिला असेन, आणि दरवर्षी त्याखाली तीन आडव्या रेघांची खूण काढली असेल. मुलं ती वहीत उतरवत. मीही ती फळ्यावरच ठेवून घरी येत असे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर चढलं. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी फार लिहीत नाही. वाऱ्याचा आवाज संपला तेव्हा घरावर कौलं नव्हती आणि वाडीतली निम्मी सुपारी आडवी होती. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. गावातला वडच मुळासकट पडलेला, बायका त्याच्या फांद्यांना फेऱ्या मारून आल्या. विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तसे रस्त्याकडेला पडले होते. टाळेबंदीचे दिवस, मोबाइलला रेंज नाही. लाइट कधी येईल हे विचारायलाही कोणी नव्हतं. आमच्या वाडीत ती महिना उलटल्यावर आली.

बाकी सगळं सोसलं असतं. पण आईचं काय? तिला फुप्फुसाचा जुना विकार, आणि वर्षभरापासून ती घरातल्या ऑक्सिजनच्या यंत्रावर होती. ते यंत्र साडेतीनशे वॉट खातं. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. सिलिंडर दोन होते. त्यांचा काटा खाली जाताना बघत बसणं म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. चौथ्या दिवशी माणगावहून एका ओळखीच्या कंत्राटदाराचा जुना जनरेटर टेम्पोत घालून आणला. तीन केव्हीएचा, पेट्रोलचा. टेम्पोवाल्याने तो मागच्या पडवीत उतरवला, कारण पडवीवर तेवढे चार पत्रे शाबूत होते आणि पाऊस थांबत नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला.

आता मी काय केलं ते लिहायला हवं. ऑक्सिजनच्या यंत्राला सरळ जनरेटरवरूनच वायर देता आली असती. पण घरात एक फ्रिज, दोन दिवे आणि एक पंखाही चालला तर बरं, असा मोह झाला. प्रत्येकाला वेगळी वायर कुठून ओढणार? म्हणून मी एका लांब वायरीला दोन्ही टोकांना पिना बसवल्या. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. सॉकेटमधून वीज घ्यायची असते, मी तिथून आत ढकलली. सगळं घर उजळलं. आणि मेन स्विच? तो मी वरच ठेवला होता. बोर्डाची लाइट आली की आपल्याला कळायला हवं ना, म्हणून. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाचा हा विचार होता. मला त्या चातुर्याचा अभिमानही वाटला, हे लपवत नाही.

पाच दिवस असेच गेले. आईचं डोकं दुखे, मळमळे, दुपारभर ग्लानीत पडून राही. तिची खोली पडवीला लागून. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल, वादळाची धास्ती असेल.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी आईला पेज भरवत होतो. पलीकडच्या घरातून ओरडा ऐकू आला, “आली रे आली! लाइट आली!” मी खिडकीतून बघतो तर शेजाऱ्यांच्या ओटीवरचा दिवा लागलेला. माझ्याही मनात पहिला विचार आनंदाचाच आला. त्यांचा दिवा इतके दिवस लागत नव्हता, कारण वादळात त्यांची खांबावरची जोडणी सुटली होती. ती त्या सकाळी कोणीतरी परत जोडली होती, आणि दिवा माझ्याच मशीनच्या विजेवर लागला होता. हा हिशोब मला नंतर कळला. त्या क्षणी ज्याला कळला तो माणूस आमच्या कुंपणावरून उडी मारून आत आला, माझ्याशी एक शब्द न बोलता पडवीत गेला आणि मशीनचं बटण बंद केलं. मग स्वयंपाकघरात येऊन माझी ती वायर सॉकेटमधून ओढून काढली.

ते तात्या. बोर्डातून वायरमन म्हणून निवृत्त झाले त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. गावात त्यांना सगळेच तात्या म्हणत. खिशात टेस्टर अजून असायचा, पायात जाड रबरी चपला, गालात तंबाखू. एवढ्या वेळात ती तंबाखू त्यांनी गिळली असावी, कारण बराच वेळ त्यांना ठसका लागत होता. ठसका थांबल्यावर ते मला हाताला धरून फाटकापाशी घेऊन गेले आणि बोट दाखवलं.

वळणावरच्या खांबावर एक मुलगा होता. वीस-बावीसचा असेल. अर्ध्यावर चढलेला, कमरेला पट्टा, खांद्यावर साखळी. बाहेरच्या जिल्ह्यांतून वादळाच्या कामाला आणलेल्या टोळ्यांमधला. खालून दुसरा त्याला काहीतरी ओरडत होता, तो हसत होता.

“ती साखळी तारांवर टाकायलाच चढतोय तो,” तात्या हळू आवाजात म्हणाले. “तारा शॉर्ट करून अर्थ केल्या की मग कोणी मागून वीज सोडली तरी माणूस वाचतो. पण टाकायच्या आधीचा जो वेळ असतो ना गुरुजी, तो कोणाच्या बापाचा नसतो.”

माझे पाय गळाले म्हणतात तसं झालं. ट्रान्सफॉर्मरकडून येणारी तार वादळात तुटली होती, म्हणून माझी वीज त्या वळणापर्यंतच्या दोन खांबांवरच्या तारांतच फिरत होती. दोनशे तीस व्होल्ट. ओल्या खांबावर, ओल्या अंगाला तेवढे पुरतात. तात्यांनी नंतर समजावलं, तार ट्रान्सफॉर्मरला जोडलेली असती तर तो उलटा चालला असता. तो अकरा हजारांचे दोनशे तीस करतो. मागून दोनशे तीस दिले की पुढे अकरा हजार काढून देतो. सगळ्या गावाचा भार अंगावर आल्यावर एवढंसं मशीन बहुतेक घुसमटून बंद पडलं असतं. पण बहुतेक या शब्दावर खांबावर चढता येत नाही.

तासाभराने तोच मुलगा आमच्या दारात आला. “सर, प्यायला पाणी मिळंल का?” बोली लातूर-उस्मानाबादकडची. आईने आतून सांगितलं, चहा दे त्याला. तो ओटीवर बसून चहा प्याला, घरावर कौलं नाहीत बघून हळहळला, आणि जाता जाता विचारलं, “तुमच्याकडं मशीन हाय तर मोबाइल चार्जिंगला लावू का? आईचा फोन येईल, रेंज आली तर.” तात्या तिथेच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मशीन तोवर पडवीतून ओढून अंगणात आणलेलं होतं, त्यावर ऑक्सिजनचं यंत्र आणि त्या मुलाचा मोबाइल, एवढ्याच दोन वायरी होत्या. तो दुपारी मोबाइल घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला. सरांच्या पाया पडायची पद्धत असते, म्हणून.

त्या नमस्काराचं मी काय करायचं होतं?

तात्यांनी ही गोष्ट गावात कोणाला सांगितली नाही. शेजाऱ्यांनी विचारलं, दिवा लागून गेला कसा? तर म्हणाले, टेस्टिंग असेल. मला वाटलं होतं, चावडीवर माझी अब्रू जाणार; ती त्यांनी मुठीत झाकून ठेवली. त्याबदली त्यांनी मला कामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहार घेऊन आले. पहिली गोष्ट जागेची. पडवीत मशीन ठेवल्याबद्दल त्यांनी मला जे सुनावलं त्यातलं छापण्याजोगं थोडंच. जनरेटरच्या धुरात जो कार्बन मोनॉक्साइड असतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त ओढीने चिकटतो. हे मला पाठ होतं, दहावीच्या मुलांना सांगायचो. आईला ऑक्सिजन मिळावा म्हणून लावलेल्या मशीनचा धूर मी पाच दिवस तिच्याच खोलीत सोडत होतो. मशीन अंगणात गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायचं थांबलं. धुरानेच दुखत होतं का, हे आज सिद्ध करता येणार नाही. मला करायचंही नाही.

घरापासून वीस फूट, कुठल्याही खिडकी-दारापासून वीस फूट, असं ते दोरी धरून मोजत होते. आणि बाजू कोणती? “पावसात वारा कुठून येतो?” नैऋत्येकडून. मग मशीन घराच्या ईशान्येला, म्हणजे धूर घरापासून लांब पळेल. वास्तुशास्त्रवाले ईशान्येला देव बसवायला सांगतात. तात्यांनी तिथे धुराडं बसवलं. आईला ते आवडलं नाही, पण तात्यांपुढे ती बोलली नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचा दीड फूट उंच ओटा बांधला, पाणी तुंबलं तरी मशीन कोरडं राहावं म्हणून. वर उडालेल्यांतलेच दोन पत्रे, चारी बाजू उघड्या. भिंती घातल्या की ती पडवीच झाली, असं त्यांचं म्हणणं.

मग अर्थिंग, म्हणजे माझ्या फळ्यावरचं भूसंपर्कन. इथे मात्र तात्या रमले, आणि मीही.

आमची जमीन जांभ्याची. वर वीतभर माती, खाली दगड. जांभा विजेला सहज वाट देत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. तात्या अख्ख्या आवारात फिरले आणि अळूपाशी थांबले. “अळू जिथे मे महिन्यात हिरवं राहतं तिथे ओल असते.” त्यासाठी त्यांना कोणतं यंत्र लागलं नाही. आठ फूट खड्डा खणायला आम्हाला तीन दिवस लागले; पहारीने दगड तासताना हातांना फोड आले, ते त्यांनी कौतुकाने बघितले. भोकं पाडलेला जीआय पाइप उभा केला, भोवती खडेमीठ आणि लोणारी कोळशाचे थर दिले. वर सिमेंटची पेटी आणि झाकण.

मला वाटलं, झालं. मी तर परीक्षाही घेऊन दाखवली. पुढे लाइट आल्यावर शंभरचा बल्ब फेज आणि त्या पाइपामध्ये लावला, तो लख्ख पेटला. तात्या हसले. “बल्ब खोटं बोलतो, गुरुजी. करा गणित.” शंभर वॉटच्या पेटलेल्या बल्बचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो. जमिनीचा रोध पन्नास ओहम असला, म्हणजे अर्थिंग वाईट असली, तरी पाचशेला पन्नासाने काय फरक पडणार? बल्ब पेटतो. एवढंच कळतं की वायर तुटलेली नाही. आणि अशी परीक्षा घेताना पाइपातच वीज सोडलेली असते, तिथे कोणी उभं असलं तर? म्हणून त्यांनी तो बल्ब काढायला लावला. मी ओशाळलो, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ओहमचा नियम मी शिकलो.

म्हसळ्याहून त्यांच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराचा अर्थ टेस्टर आणला. जमिनीत दोन खिळे ठोकून काटा बघायचा. अडतीस ओहम. मग दुसरा खड्डा, पहिल्यापासून आठ पावलांवर. जवळजवळ घेतले तर दोघं एकाच मातीवर हक्क सांगतात आणि फायदा होत नाही. तो तीसवर आला. दोन्ही जोडून सतरा. तात्यांना पाचाच्या आतला आकडा हवा होता, जांभ्याने तो दिला नाही. मी कागदावर मांडलं: दोनशे तीसला सतराने भागलं तर साडेतेरा अँपिअर. सोळाचा एमसीबी एवढ्याने पडतच नाही. म्हणजे यंत्राच्या पत्र्यावर वीज उतरली आणि तिला जमिनीतूनच परतायचं असलं, तर फ्यूज बघत बसेल आणि माणूस चिकटेल. म्हणून वीज गळली की ती तोडणारी, तीस मिलिअँपिअरची ईएलसीबी हवीच. तिला सतरा ओहम चालतात, पन्नासही चालतात.

पण त्यातही एक खोच होती. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा मशीनच्या अंगाला जोडलेलाच नसतो, तरंगता असतो. मग गळलेल्या विजेला परतायला वाटच नाही, आणि ईएलसीबी झोपून राहते. वर गंमत अशी की तिचं टेस्टचं बटण दाबलं की ती लगेच पडते, कारण ती परीक्षा तिच्या पोटातल्या पोटात होते, बाहेरच्या अर्थिंगशी तिचा संबंध नसतो. मी हसून म्हणालो, आमच्या शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखं. तात्यांनी मशीनच्या मेकॅनिकला विचारून खात्री केली आणि मग न्यूट्रल मशीनपाशीच अंगाला जोडला. रंग खरवडून, बोल्ट घासून, दोन खड्ड्यांच्या दोन स्वतंत्र वायरी मशीनच्या दोन ठिकाणी आवळल्या. दोन का? “एक तुटलेली कळत नाही,” इतकंच उत्तर. घरातली अर्थची वायरही तिथेच आली, म्हणजे पत्र्यावर उतरलेल्या विजेला जमिनीत न शिरता वायरीनेच मशीनकडे परतायची वाट झाली.

आणि चेंजओव्हर. मीटरनंतर, दोन पोलचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. दांडा वर केला की बोर्ड, खाली केला की मशीन, मध्ये काहीच नाही. दोन्ही एकदम लागणं त्याच्या हाडातच नाही. माझ्यासारख्याच्या अकलेवर काही सोडायचं नाही, असा त्याचा स्वभाव. तो दांडा तात्यांनी मला पन्नास वेळा वरखाली करायला लावला. ओट्यापासून घरापर्यंत आर्मर्ड केबल चर खणून, वाळूत घातली. वाळूवर आमचीच फुटलेली मंगलोरी कौलं अंथरली, पुढे कोणी कुदळ मारली तर आधी कौल लागावं म्हणून. घरावरची कौलं अशी जमिनीखाली गेली.

पेट्रोल भरायचं ते मशीन बंद करून, निवल्यावर. तेवढा वेळ आई सिलिंडरवर. एक अश्वशक्तीचा पंप आणि फ्रिज एकदम नाही, कारण पंप सुरू होताना पाचपट ओढतो. हे मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. बायको म्हणाली, निवृत्त झालात तरी फळा सुटला नाही.

पैसे विचारले तर तात्यांनी सामानाची बिलं तेवढी दिली. मजुरी म्हणून आईच्या हातची फणसाची भाजी दोनदा जेवले. आणि माझी ती दोन पिनांची वायर मागून घेतली. माझ्यासमोर पक्कडीने तिचे दोन्ही कान कापले आणि उरलेली वायर दोरी म्हणून वापरायला घेऊन गेले. त्यांच्या गोठ्यात ती वर्षानुवर्षं गाईच्या दावणीपाशी लटकत होती. मी गेलो की माझी नजर तिकडे जाई, त्यांची कधी गेली नाही.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा लाइट पुन्हा गेली. मी दांडा खाली केला, ओट्यावर जाऊन मशीन ओढलं. आई शांत झोपली होती. तात्या छत्री घेऊन बघायला आले आणि ओट्याच्या कडेला बसले. त्या रात्री मी धीर करून विचारलं, “तात्या, त्या पोराला तुम्ही कधी सांगितलंत?”

“काय सांगायचं?”

“की आपण...”

“आपण नाही, गुरुजी. तुम्ही.” ते एवढंच एकदा बोलले त्याबद्दल. मग थोडा वेळ पावसाकडे बघत म्हणाले, “त्याला अजून तीस-पस्तीस वर्षं खांबावर चढायचंय. रोज चढताना कोणाच्या तरी घरात गुरुजी बसलेत असं त्याच्या मनात आलं, तर त्याचे पाय कापतील. पाय कापले की तो पडेल. साखळी टाकायला विसरू नको, एवढं मी त्याला त्याच दिवशी बजावलं.”

आई पुढच्या वर्षी गेली, श्रावणात, स्वतःच्या खाटेवर. तात्या त्यानंतर दीड वर्षाने. त्यांच्या दहाव्याला मी गेलो तेव्हा गोठ्यात ती वायर नव्हती. त्यांच्या मुलाने गोठा आवरला होता.

मशीन अजून आहे. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवतो, कार्बोरेटर रिकामा करून ठेवतो. गेल्या चैत्रात टेस्टर मागवून मोजलं, सव्वीस दाखवलं. मीठ एवढ्या पावसाळ्यांत वाहून गेलं असणार. आठ दिवस पाणी घातल्यावर एकोणीसवर आलं. यंदा पाइप बदलायला काढेन.

चेंजओव्हरच्या बोर्डाखाली एक खण आहे. त्यात फ्यूजची तार, चिकटपट्टी, तात्यांचा एक जुना टेस्टर आणि काळा मोबाइल चार्जर. त्या दिवशी तो मुलगा मोबाइल घेऊन गेला, चार्जर विसरला. दुसऱ्या दिवशी त्यांची टोळी मुरूडकडे गेली होती. मी नावही विचारलं नव्हतं.